न्यू फॉरेस्टचे चार दिवस: रूफस स्टोन आणि बरेलीचा पत्ता

मंगळवार

रेडिंगहून निघायला अकरा वाजले. आईने थालीपिठांचा डबा, शंकरपाळ्यांची पिशवी आणि चहाचा थर्मास गाडीत ठेवला आणि एकच अट घातली: शुक्रवारी वसुबारस आहे, दिवेलागणीच्या आत घरी यायचं. चकलीची भाजणी अजून दळायची होती, नातवाची शाळा होती, म्हणून ती मागे राहिली. मी आणि बाबा, दोघंच निघालो.

बाबांची सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात, महसूल खात्यात गेली. तलाठी म्हणून लागले, मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाले. इथे इंग्लंडला आल्यावर मी त्यांना लंडन दाखवलं. राजवाडा, नदीवरचे पूल, मोठाली संग्रहालयं सगळं त्यांनी नीट पाहिलं, पण जीव कुठे रमला नाही. मग मी न्यू फॉरेस्टचं नाव काढलं. विल्यम द कॉन्करर या राजाने १०७९ च्या सुमारास स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवलेलं रान, आणि त्याच रानात त्याच्या मुलाला, दुसऱ्या विल्यम राजाला, म्हणजे रूफसला, बाण लागून मरण आलं तिथे उभा केलेला दगड. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत बाबांनी विचारलं, "रान राखलं, मग लोकांच्या चराईचं काय झालं?" ही सहल त्यांच्या मनासारखी होणार, हे मला तेव्हाच कळलं.

सलग मोटारवे, पुढे कॅडनमचा फाटा. तो सोडून थोडं आत गेलं की रस्त्यात लोखंडी नळ्यांची आडवी जाळी लागते. गाडी खडखडत त्यावरून जाते, जनावराचा पाय मात्र तिथे ठरत नाही. जाळीच्या अलीकडे कुंपणं, पलीकडे कुंपण नाहीच. उघडा माळ, तपकिरी झालेला नेचा, मध्येच ओक आणि बीचची राई, आणि रस्त्याच्या ऐन मधोमध उभी एक तांबूस घोडी. मी गाडी थांबवली. घोडी हलेना. मागे आणखी दोन गाड्या येऊन थांबल्या, पण कोणी हॉर्न वाजवला नाही.

बाबा काच खाली करून तिच्या शेपटीकडे बघत होते. "हिची शेपूट कातरलेली आहे." खरंच, शेपटीच्या टोकाकडचे केस पायऱ्या पायऱ्यांनी कापलेले होते, आणि पाठीवर डाग दिलेला होता. रात्री मुक्कामाच्या घरी मालकीणबाईंना विचारलं तेव्हा उलगडा झाला. या रानातली हजारो तट्टं जंगली दिसतात, पण प्रत्येकाला मालक आहे. हे मालक म्हणजे 'कॉमनर', रानात जनावरं सोडण्याचा हक्क असलेले रहिवासी. वर्षाला जनावरामागे ठरावीक फी भरायची. 'अजिस्टर' म्हणजे रानाची पाहणी करणारे घोडेस्वार, ते फी भरलेल्या तट्टाची शेपूट आपापल्या विभागाच्या पद्धतीने कातरतात. कापलेली शेपूट हीच पावती, आणि जनावर कोणत्या विभागाचं तेही त्यावरून कळतं.

बाबांनी खिशातून डायरी काढली आणि शेपटीचं चित्र काढून ठेवलं.

बुधवार

मुक्काम लिंडहर्स्टला होता. गाव लहान आहे, पण या रानाची राजधानी हेच. आमचं नशीब असं की हा ऑक्टोबरमधला तिसरा बुधवार होता. ऑगस्ट आणि डिसेंबर सोडले तर दर महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी इथे व्हर्डरर, म्हणजे रानाचा कारभार पाहणारे अधिकारी, यांचं न्यायालय भरतं आणि कुणालाही आत जाऊन बसता येतं. राजाच्या जुन्या वाड्याला लागून ही सभागृहाची इमारत आहे. भिंतींवर हरणांची शिंगं, एका बाजूला ओकच्या जाड फळ्यांचा आरोपीचा पिंजरा. फळ्या इतक्या जुन्या की कडा हाताने झिजून गुळगुळीत झाल्या आहेत.

एक अजिस्टर उभा राहिला आणि खणखणीत आवाजात त्याने तीनदा 'ओयेझ' असा पुकारा केला. ज्याला ज्याला या न्यायालयासमोर काही मांडायचं असेल त्याने पुढे यावं, त्याचं ऐकलं जाईल, असा त्याचा आशय. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "अगं, ही तर दवंडी." मग एकेक जण पुढे आला. कुणी म्हणालं, अमुक ओढ्याचा चर बुजल्याने कुरणावर पाणी तुंबतंय. कुणी गाड्यांच्या वेगाबद्दल बोललं. गेल्या महिन्यात रस्त्यावर किती जनावरं जखमी झाली, किती दगावली, याचा हिशेब वाचला गेला, तेव्हा सभागृह एकदम शांत झालं.

व्हर्डरर दहा. त्यातले पाच कॉमनर लोकांनी निवडून दिलेले, बाकीचे नेमलेले. न्यायालय मुळात राजाच्या हरणांच्या आणि झाडोऱ्याच्या रक्षणासाठी निघालं. नॉर्मन राजांच्या कायद्याने हरीण मारणाऱ्याचे डोळे काढले जात. त्या काळच्या इतिवृत्तात पहिल्या विल्यमबद्दल एक ओळ आहे, की तो हरणांवर असं प्रेम करी जणू त्यांचा बापच. रानात कुंपण घालायला बंदी, कारण हरणांना अडथळा. मग कुंपण नाही तर शेत राखायचं कसं? त्या बदल्यात लोकांचे चराईचे हक्क शिल्लक राहिले. १२१७ च्या वनसनदेने जाच कमी झाला. पुढे १८५१ च्या कायद्याने सरकारने हरणं काढून टाकून मोठमोठे तुकडे कुंपणात घ्यायचं ठरवलं, तेव्हा लोक चिडून उठले. त्यातून १८७७ चा कायदा झाला आणि राजाची हरणं राखणारं हेच न्यायालय गुराढोरांच्या मालकांचं झालं. बाबांनी हे ऐकलं आणि मान हलवत राहिले. गायरानाच्या अतिक्रमणांच्या फायली त्यांनी तीस वर्षं हाताळल्या आहेत. कागद तेच राहून कागदाचा धनी बदलल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मध्यंतरात त्यांनी मला शेजारच्या म्हाताऱ्या कॉमनरला एक प्रश्न विचारायला लावला. हा हक्क माणसाला असतो की जमिनीला? तो म्हणाला, जमिनीला. अमुक घर, अमुक तुकडा, त्याच्यासोबत हक्क येतो. घर विकलं की हक्क नव्या मालकाकडे. कुणाला गुरं चारण्याचा, कुणाला जळणाच्या लाकडाचा, कुणाला शरदात डुकरं सोडण्याचा. "म्हणजे सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क'चा रकाना," बाबा म्हणाले, आणि मी ते इंग्रजीत कसं सांगायचं याचा विचार करेपर्यंत त्या दोघांचं हातवाऱ्यांनी जमलंही होतं.

निघताना भिंतीवरची रिकीब पाहिली. तिला रूफसची रिकीब म्हणतात, घडण मात्र बरीच नंतरची मानतात. ती कुत्र्यांचं माप होती. ज्या कुत्र्याचं अंग या रिकिबीतून जाईल तो लहान, त्याला सोडायचं. जो जाणार नाही त्याच्या पुढच्या पायाची बोटं छाटायची, म्हणजे राजाच्या हरणामागे धावता येणार नाही. हातभर अंतरावरून पाहिली, तर आमच्या वाईच्या घरचा मोती त्यातून डोकंसुद्धा घालू शकला नसता.

दुपारी दगडाकडे.

रूफस स्टोन कॅंटरटन ग्लेन नावाच्या खोलगट जागी आहे, मिन्स्टेड गावच्या हद्दीत. एका बाजूला ए३१ हा मोठा रस्ता इतका जवळ आहे की गाड्यांची घरघर थांबतच नाही. गाडीतळ, छोटा रस्ता, पलीकडे हिरवळ आणि त्यावर कमरेपेक्षा उंच, तिधारी, काळा खांब. पहिल्यांदा मनात येतं ते हेच की हा दगड नाही. बोटांना लागतं ते थंड, ओलसर ओतीव लोखंड. दगड आत आहे. लॉर्ड डेलावेअर यांनी तो १७४५ साली उभा केला. आधी इथे असलेलं ओकचं झाड त्यांनी स्वतः पाहिलं होतं, असं दगडावरच्या लेखात लिहिलं आहे. पुढे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी दगडाची इतकी नासधूस केली की अक्षरं उरली नाहीत, म्हणून १८४१ मध्ये रानाचे वॉर्डन विल्यम स्टर्जेस बोर्न यांनी त्याच मजकुरासह लोखंडी आवरण चढवलं.

मी तिन्ही बाजू मोठ्याने वाचल्या आणि बाबांना मराठीत सांगितल्या. पहिली बाजू: इथे ते ओकचं झाड होतं, ज्याला सर वॉल्टर टायरेलने हरणावर सोडलेला बाण लागून वळला आणि रूफस या उपनावाच्या दुसऱ्या विल्यम राजाच्या छातीत शिरला, आणि तो तत्क्षणी मेला, २ ऑगस्ट ११००. दुसरी बाजू: राजाला पर्किस नावाच्या माणसाच्या गाडीत घालून इथून विंचेस्टरला नेलं आणि तिथल्या मुख्य चर्चमध्ये, कथीड्रलमध्ये, पुरलं. तिसरीवर दगड कुणी, का, केव्हा उभारला त्याची हकीकत.

"अपघात?" बाबांनी विचारलं.

इतकी वर्षं लोक हाच प्रश्न विचारत आहेत. राजाचं लग्न झालं नव्हतं, वारस नव्हता. थोरला भाऊ रॉबर्ट क्रुसेडहून, म्हणजे धर्मयुद्धाहून, परतीच्या वाटेवर होता. धाकटा हेन्री त्या दिवशी याच रानात शिकारीला होता. भावाचं प्रेत मागे सोडून तो घोडा फेकत विंचेस्टरला गेला, खजिना ताब्यात घेतला, आणि ५ ऑगस्टला वेस्टमिन्स्टरला त्याचा राज्याभिषेकही झाला. तीन दिवसांत! टायरेल फ्रान्सला पळाला. आपण राजा होता त्या भागात नव्हतोच, असं त्याने पुढे मठाधिपती शूजेरसमोर शपथेवर सांगितल्याची नोंद आहे. कट होता की चुकलेला बाण, याचा निकाल कोणी देऊ शकलेलं नाही. मला स्वतःला अपघात पटतो. शिकारीत माणसं मरत. याच राजाचा एक भाऊ आणि एक पुतण्याही याच रानात शिकारीत गेले. हेन्रीने संधी साधली हे खरं, पण संधी साधणं आणि बाण मारणं या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटतात. बाबांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, पंचनामा कुठाय? ज्या प्रकरणात पंचनामा न करता वारस नोंद होते तिथे काहीतरी असतंच.

जागेबद्दलही एकमत नाही. सोळाव्या शतकात जॉन लेलंड या अभ्यासकाने राजाच्या मृत्यूची जागा म्हणून थरोहॅम असं नाव लिहून ठेवलं, आणि काही अभ्यासक ते ब्यूलीच्या बाजूला, रानाच्या दक्षिणेला दाखवतात. म्हणजे हा दगड उभा राहिला तो मृत्यूनंतर साडेसहाशे वर्षांनी, ऐकीव गोष्टीवर आणि एका म्हाताऱ्या झाडावर विश्वास ठेवून.

बाबा खांबाभोवती दोन फेऱ्या मारून आले आणि हिरवळीवर बसले. मी थालीपीठ काढलं. ते म्हणाले, "किकलीचे वीरगळ आठवतात तुला?" आठवत होते. वाई तालुक्यात किकलीला भैरवनाथाच्या देवळाजवळ वीरगळांची रांगच आहे. लहानपणी बाबांच्या सायकलवर मागे बसून मी तिथे गेले आहे, आणि त्यांनी माझं बोट धरून ते खालून वर वाचायला शिकवलं आहे. सगळ्यात खाली पडलेला वीर, कधी शेजारी गुरं, कारण गावची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना तो मेला. मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा. त्यावर शिवलिंगाची पूजा करणारा वीर. अगदी वर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती. बहुतेक दगडांवर नाव नाही. माणूस कशासाठी मेला ते मात्र अक्षर न येणाऱ्यालाही कळतं.

"इथे नाव आहे, तारीख आहे, बाण कुणाचा तेही आहे," बाबा म्हणाले. "खाली गुरं नाहीत."

मला मात्र त्या दुसऱ्या बाजूवरच्या पर्किसने धरून ठेवलं. तो कोळसा पाडणारा होता असं इथले लोक सांगतात. जुन्या लेखकांनी प्रेत नेणाऱ्या खेडुतांचा उल्लेख केला आहे, नाव नंतरच्या परंपरेतलं. माझं आजोळ माणगावकडचं. डोंगरात कातकऱ्यांच्या कोळशाच्या भट्ट्या मी पाहिल्या आहेत: लाकडं रचून वर माती-पाला लिंपायचा, आत धग कोंडायची, आणि दिवस-रात्र राखण करायची, कारण कुठे भगदाड पडलं की सगळ्याची राख. हात, कपडे, गाडी, बैल सगळं काळं. त्या काजळीच्या गाडीत इंग्लंडचा राजा पडला होता आणि वाटभर रक्त गळत होतं. सरदार आपापल्या गढ्या सांभाळायला पांगले होते. कोळसेवाल्याने तीसेक किलोमीटर गाडी हाकली. या सबंध गोष्टीत आपलं काम सोडून दुसऱ्याचं काम केलं ते याने एकट्याने, आणि राजाच्या दगडाची एक पूर्ण बाजू त्याला मिळाली आहे, याचा मला फार आनंद झाला.

परतताना वाटेत डुकरं भेटली. शरदात निदान साठ दिवस डुकरांना रानात सोडतात. हिरवे ओकफळ तट्टांना आणि गाईंना विषारी असतात, डुकरांना मानवतात. ती आधी खाऊन टाकतात, बाकीची जनावरं वाचतात. नाकात कडी, म्हणजे माती फार खोल उकरू नये. एका डुकरिणीच्या जबड्यात ओकफळ फुटल्याचा कडकन आवाज अगदी सुपारी फोडल्यासारखा आला.

गुरुवार

ब्रॉकनहर्स्टला जायचं कारण माझं नव्हतं, बुधवारी न्यायालयात भेटलेल्या त्या म्हाताऱ्या कॉमनरचं होतं. निघताना तो म्हणाला होता, तुम्ही भारतातले ना, मग सेंट निकोलसच्या चर्चमध्ये जाऊन या, तुमचा एक माणूस आहे तिथे.

चर्च गावाबाहेर, उंचवट्यावर, झाडीत आहे. दाराशी यू नावाचं सदाहरित झाड, वय हजार वर्षांहून जास्त सांगतात, म्हणजे रूफस याच्या डोळ्यांदेखत मेला. खाली उतारावर न्यूझीलंडच्या सैनिकांची नव्वदहून अधिक थडगी एकसारख्या रांगांत. पहिल्या महायुद्धात या गावात मोठी रुग्णालयं होती. १९१६ पासून न्यूझीलंडच्या जखमी सैनिकांसाठी, आणि त्याआधी, १९१४-१५ च्या हिवाळ्यात, फ्रान्सच्या आघाडीवरून आणलेल्या हिंदी सैनिकांसाठी. साउदॅम्प्टनचं बंदर जवळ, म्हणून जखमींना आणणं सोपं. त्या वेळच्या इस्पितळाची आठवण म्हणून गावात आजही मीरत रोड आहे. हाताशीच साप पकडणाऱ्या ब्रशर मिल्सची कबर, त्यावर त्याच्या झोपडीचं कोरीव चित्र. बाबा तिथे क्षणभर थांबले.

मग तो दगड सापडला.

शेवाळाचे करडे-पिवळे ठिपके, मजकूर मोठा, इंग्रजीत. मी वाचायला लागले आणि दुसऱ्या ओळीला माझा आवाज बदलला. सुखा, राहणार मोहल्ला गंगापूर, शहर बरेली, संयुक्त प्रांत, हिंदुस्थान. देश, घर, मित्र सोडून महायुद्धात सेवेसाठी आला, आणि या गावातल्या जखमी हिंदी सैनिकांच्या लेडी हार्डिंज इस्पितळात साधा नोकर म्हणून काम केलं. १२ जानेवारी १९१५ रोजी वारला, वय ३०. तो धर्माने ख्रिस्ती नव्हता, पण त्याचं आयुष्य दुसऱ्यांसाठी वाहिलं गेलं. सर्वांचा देव आणि पिता एकच, असं बायबलमधलं वचन. आणि हा दगड ब्रॉकनहर्स्टच्या गावकऱ्यांनी उभा केला.

सुखा झाडूवाला होता. त्याच्याबद्दल सांगितलं जातं ते असं. हिंदू सैनिकांच्या दहनाची सोय होती, पण अस्पृश्य म्हणून त्याला तिथे जागा मिळाली नाही. वोकिंगला मशीद होती, तिथे मुसलमान सैनिकांच्या दफनाची व्यवस्था होती, पण तो मुसलमान नव्हता. तेव्हा ब्रॉकनहर्स्टच्या धर्मगुरूंनी सांगितलं की हा माणूस इंग्लंडसाठी मेला, मी त्याला माझ्या चर्चच्या आवारात पुरतो.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्या साताऱ्यातल्या सरकारी शाळेच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० ला ज्या मुलाचं नाव दाखल झालं, त्या भीमरावाला वर्गात वेगळं बसावं लागे, हे आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलो. सुखा गेला त्या जानेवारीत तेच बाबासाहेब न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. आणि इथे, एकाच युद्धासाठी घरदार सोडून आलेल्या माणसांनी आपल्यातल्या एकाला चितेची लाकडं दिली नाहीत. सात समुद्र ओलांडले की धर्म बुडतो असं मानणाऱ्यांचा धर्म समुद्राने बुडवला नाही, आणि त्यांची जातही सुटली नाही. मला त्या दगडासमोर फार लाज वाटली, आणि गावकऱ्यांबद्दल कृतज्ञता वाटली, आणि दोन्ही एकदम वाटलं.

बाबांना आणखी एक आठवण होती. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, म्हणून त्या गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. तिथे स्मारक आहे, मान आहे, दरवर्षी हार पडतो. "लढणाऱ्याचं स्मारक होतं," ते म्हणाले. "झाडणाऱ्याचं मी पहिल्यांदा पाहिलं."

मग ते खाली वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटाने पत्त्याची ओळ पुन्हा पुन्हा चाचपली. एखादी नोटीस बजावायची असावी तसे डायरीत उतरवून घेऊ लागले: नाव, मोहल्ला, शहर, प्रांत. "बघ, पूर्ण पत्ता आहे. राजाच्या दगडावर तो कुठला राहणारा ते नाही. याचा घरापर्यंतचा पत्ता आहे. ज्याने हा मजकूर लिहिला त्याने कुणाला तरी नीट विचारून घेतलं असणार."

मला ते सुचलंच नव्हतं. त्या काळी, इंग्लंडातल्या एका खेड्यात, मोहल्ला हा शब्द दगडावर कोरणाऱ्या पाथरवटाला तो कुणीतरी एकेक अक्षर सांगितला असेल. इस्पितळातला सुखाचा कोणी सोबती असेल का? ज्याने लाकडं दिली नाहीत, पण पत्ता दिला?

पाऊस आला. आम्ही यूच्या खाली उभे राहिलो. थेंब आत येत नव्हता. रात्री जेवणावर बाबांचं लक्ष नव्हतं. दोनदा डायरी उघडून मिटली.

शुक्रवार, वसुबारस

सकाळी सामान गाडीत भरताना लिंडहर्स्टच्या रस्त्याकडेला एक गाय आणि वासरू बसलेलं दिसलं. इथे जनावरांना खायला घालू नये, हात लावू नये असं सांगतात, आणि ते योग्यच आहे, कारण रस्त्याची सवय लागली की गाड्यांखाली येतात. बाबांनी लांबूनच हात जोडले.

विंचेस्टर परतीच्या वाटेवर. गाडीने तासाच्या आतलं अंतर, पर्किसला दिवस लागला असेल. कथीड्रल आत शिरलं की मान वर जाते आणि तशीच राहते. राजाला मनोऱ्याखाली पुरलं होतं, आणि ११०७ मध्ये तो मनोराच कोसळला. पापी राजा खाली होता म्हणून पडला असं लोक म्हणत. पाया दलदलीत होता हेही तितकंच खरं. मधोमध गुळगुळीत दगडाची एक साधी, नाव नसलेली कबर आहे. तिला पिढ्यान्‌पिढ्या रूफसची म्हणत आले, आता ती एका बिशपची असावी असं मानतात. राजाची हाडं रंगीत लाकडी पेट्यांत, इतर राजे-बिशपांच्या हाडांसोबत असल्याचं सांगतात. १६४२ च्या यादवीत सैनिकांनी त्या पेट्या फोडल्या आणि हाडं चित्रकाचांवर फेकून मारली. नंतर गोळा करून परत भरली. अलीकडे ब्रिस्टल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ती हाडं मोजली, तेराशेहून अधिक निघाली, निदान तेवीस माणसांची. "एकत्र खातं झालं," बाबा म्हणाले. "आता फोड करणं अवघड."

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मला फोटो छापून हवाय. कालचा. दगडाचा." एका दुकानातल्या यंत्रातून फोनवरचा फोटो छापून घेतला. मग ते कथीड्रलच्या हिरवळीवरच्या बाकावर बसले आणि डायरीचं पान फाडून हिंदीत लिहायला लागले. हिंदी त्यांचं मोडकं, शब्द अडला की मला विचारायचे. मी डोकावले नाही, पण शेवटचं वाक्य त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं, बरोबर आहे का ते विचारायला: आपके मोहल्ले का सुखा यहाँ है, जगह अच्छी है, पेड़ की छाँव है, गाँव के लोग देखभाल करते हैं।

पोस्टात रांग होती. खिडकीतल्या मुलीने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, पत्ता वाचला, वर पाहिलं. पाकिटावर बाबांच्या तलाठी वळणाच्या अक्षरात देवनागरीत आणि खाली माझ्या इंग्रजीत लिहिलं होतं: सुखा यांचे घरचे किंवा शेजारी, मोहल्ला गंगापूर, शहर बरेली, उत्तर प्रदेश, भारत.

"पोस्टल कोड?" तिने विचारलं.

मी फोन काढून शोधायला लागले. बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. "राहू दे. मोहल्ला लिहिलाय. पोस्टमन विचारत जाईल."